सगळे देश, एकच रडगाणं

फिनलंडमधल्या माणसाचं आणि माझं वैर असायचं काही कारण नाही. आमच्यात बांधाचा वाद नाही, भाऊबंदकी नाही, सोसायटीच्या पार्किंगचा प्रश्न तर नाहीच नाही. तरी एका रात्री पावणेबाराच्या सुमाराला त्याने गप्पांच्या चौकटीत माझ्या नावापुढे असं काही लिहिलं, की एक अक्षर न कळताही सगळं कळलं. घडलं एवढंच होतं, की त्याच्या हातात राजांची जोडी होती आणि माझ्या हातात सत्ती-दुर्री. पोकरमध्ये सत्ती-दुर्री म्हणजे सगळ्यांत भिकार पानं. शहाणा माणूस बघताक्षणी टाकून देतो. मी टाकली नाहीत, कारण चिप्स फुकटच्या होत्या आणि झोप येत नव्हती. टेबलावर आधी एक सत्ती पडली, शेवटच्या पानाला दुर्री आली, माझ्या दोन जोड्या झाल्या आणि फिनलंडचे दोन्ही राजे पदच्युत झाले. ब्राझीलच्या एका बाईंनी हसणारा चेहरा टाकला. पोलंडच्या गृहस्थांनी मला मासा म्हटलं. अडाणी खेळाडूला या धंद्यात मासाच म्हणतात. कॅनडातून निर्वाळा आला, की हे सगळं संगणकाचं कारस्थान आहे, तो मुद्दाम असली पानं काढतो. ज्या चिप्सच्या बदल्यात कुठल्याच देशात कटिंग चहासुद्धा मिळाला नसता, त्यांच्यावरून चार खंडांतली पाच माणसं रात्री जागून एकमेकांना बोल लावत होती.

विश्वबंधुत्व म्हणतात ते हेच असावं. निदान ते इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

ज्यांची धाव मेंढीकोट, बदाम सात आणि गणपतीच्या जागरणातल्या तीन पत्तीपर्यंत आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मधे पाच पानं उघडी पडतात: आधी तीन, मग एक, मग एक. ती सगळ्यांची सामाईक. आपली दोन आणि मधली पाच मिळून जी उत्तम पाच जमतील तो आपला हात. अधूनमधून बोली लावायची, वाढवायची किंवा पानं टाकून गप्प बसायचं. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांतून एकदा येते. उरलेल्या २२० डावांत माणसाने काय करावं, यावर इंग्रजीत एवढी पुस्तकं निघाली आहेत की ती वाचणारे आणि लिहिणारे यांच्यात जास्त कोणी कमावलं हा प्रश्नच आहे.

संगणकावर खरे पैसे लावून पोकरचा पहिला डाव खेळला गेला १ जानेवारी १९९८ रोजी, प्लॅनेट पोकर या संकेतस्थळावर. बाकीचं जग त्या दिवशी नववर्षाचे संकल्प करत होतं. पण खरा स्फोट झाला तो २००३ साली. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला एक हिशेबनीस घरी बसून ८६ डॉलर भरून एका ऑनलाइन स्पर्धेत उतरला. ती जिंकून पुढच्या स्पर्धेत गेला, तीही जिंकली आणि त्या जोरावर लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला, जिथे नुसत्या प्रवेशाला १०,००० डॉलर पडतात. तिथे मुरलेल्या खेळाडूंसह एकूण ८३९ जण होते. हा गडी सगळ्यांना घरी पाठवून २५ लाख डॉलर घेऊन आला. त्याचं नाव ख्रिस मनीमेकर. टोपणनाव नव्हे, खरंखुरं आडनाव. मराठी कादंबरीकाराने असं नाव योजलं असतं तर संपादकाने हस्तलिखित परत केलं असतं.

त्या एका विजयाने जगभरातल्या हिशेबनिसांना, आणि त्यांच्याकडे पाहून इंजिनिअरांना, शिक्षकांना, नापास झालेल्या आणि पास होऊनही नोकरी नसलेल्या पोरांना वाटलं, की हे आपल्यालाही जमेल. तीन वर्षांत, २००६ साली, त्याच स्पर्धेत ८,७७३ माणसं उतरली. पहिला आला एकच. बाकीच्या ८,७७२ जणांच्या मते नशिबाने दगा दिला.

या खेळात सगळे देश खरोखर एका रांगेत बसतात, फक्त घड्याळं तेवढी बसत नाहीत. मोठ्या स्पर्धा रविवारी असतात. हा रविवार युरोप-अमेरिकेच्या सोयीचा. पोकरस्टार्स या संकेतस्थळाची 'संडे मिलियन' ही गाजलेली स्पर्धा अमेरिकेत रविवारी दुपारी, जेवण उरकून सुस्तावल्यावर सुरू व्हायची. युरोपात तेव्हा संध्याकाळ. आपल्याकडे मध्यरात्र. ऑस्ट्रेलियातल्या माणसाचा तर सोमवारच उजाडलेला असायचा. तो बिचारा रविवारची स्पर्धा सोमवारी सकाळी दात घासता घासता खेळायचा. अशा स्पर्धा दहा-दहा तास चालायच्या. म्हणजे अमेरिकेतला माणूस हरला तर वेळेवर झोपायचा. आपला माणूस जिंकला तर सोमवारी ऑफिसला तापाचा निरोप पाठवायचा, आणि हरला तर त्याला खरोखरच ताप यायचा.

लोक म्हणतात पोकरमध्ये चेहरा कोरा ठेवता आला पाहिजे. लास वेगासमध्ये त्यासाठी काळे चष्मे, टोप्या, गळ्यापर्यंत वर ओढलेली जॅकेटं असा सरंजाम असतो. घरी बसून खेळणाऱ्याला त्याची गरज नाही. बनियनवर बसून, एक्का आल्यावर मांडीवर थाप मारून, शेजारच्या खोलीतून "काय झालं?" अशी विचारणा होईपर्यंत आनंद व्यक्त करता येतो. मग समोरच्याने ओळखायचं कशावरून? तर वेळेवरून. पटकन खेळला म्हणजे पानं ठरीव, रेंगाळला म्हणजे काहीतरी शिजतंय. यावर जगभरातल्या हुशार पोरांनी मोठमोठे सिद्धांत बांधले आहेत.

या सिद्धांताचा एक प्रयोग माझ्यावरही झाला. पोर्तुगालच्या माणसाने मोठी बोली लावली होती. माझ्याकडे काहीही नव्हतं. गुलाम आणि चौकी, तीही वेगवेगळ्या रंगांची. मी टाकणारच होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, दूध वर येतंय!" मी उठलो. गॅस बंद करेपर्यंत साय ओट्यावर आली होती. ती पुसली, फडकं पिळलं, पातेलं बाजूला केलं. इकडे पडद्यावर माझ्या वेळेची हिरवी पट्टी संपून लाल झाली, ती संपून राखीव वेळ सुरू झाली. लिस्बनमधला माणूस विचार करत होता, की हा भारतीय इतका वेळ कसला हिशेब करतोय? मी ओल्या हाताने परत आलो, बोट घसरलं आणि टाकण्याऐवजी बोली वाढवण्याचं बटण दाबलं गेलं. त्याने बराच वेळ घेतला आणि राण्यांची जोडी उघडी दाखवून टाकून दिली. वर लिहिलं, की मी उगाच सापळ्यात सापडणाऱ्यातला नाही. त्या राण्यांच्या समाधीवर दूध ओतलं गेलं होतं हे त्याला कधीच कळणार नाही.

पण पानांकडे लक्ष न देता खेळणं हा केवळ माझ्यासारख्यांचा दोष नाही. नॉर्वेची ॲनेट ओब्रेस्टाड पंधराव्या वर्षापासून घरी बसून ऑनलाइन खेळत होती. २००७ साली तिने १८० जणांची एक ऑनलाइन स्पर्धा स्वतःची पानं झाकून ठेवून जिंकली. अख्ख्या स्पर्धेत आपण एकदाच पानं बघितली असं तिने सांगितलं. समोरचे काय करतात आणि आपण कुठल्या जागी बसलोय, यावरच ती खेळली. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनला वर्ल्ड सिरीजची युरोपीय स्पर्धा तिने जिंकली, एकोणिसावा वाढदिवस एका दिवसावर आलेला असताना. बक्षीस दहा लाख पौंड. लास वेगासमध्ये एकवीस वर्षं पूर्ण नसतील तर जुगाराच्या टेबलाला हातही लावू देत नाहीत, त्यामुळे ही जगज्जेती तिथे उभी राहिली असती तर पहारेकऱ्याने "मोठ्या माणसाला घेऊन ये" म्हणून परत पाठवली असती.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेचा रँडी ल्यू. जानेवारी २०१२ मध्ये या गृहस्थाने बहामात बसून आठ तासांत २३,४९३ डाव खेळण्याचा गिनीज विक्रम केला. एका वेळी चाळीस-चाळीस टेबलं. सेकंदाला जवळपास एक डाव. विक्रमाची एक अट होती: शेवटी फायद्यात राहिलं पाहिजे. तो राहिला. आठ तासांच्या घामाचा निव्वळ नफा ७ डॉलर ६५ सेंट. मला हा माणूस मनापासून आवडतो. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला तो आपलाच वाटेल.

आता कॅनडाकडे वळू, म्हणजे कारस्थानाकडे. पोकर खेळणाऱ्या दर माणसाचा, मग तो कोणत्याही देशाचा, धर्माचा वा पक्षाचा असो, एका गोष्टीवर गाढ विश्वास असतो: जिंकलो तो माझ्या अकलेने, हरलो तो संगणकाने पानं फिरवली म्हणून. हे वाक्य मी रशियनाकडून, मेक्सिकनाकडून आणि आमच्या मावसभावाकडून सारख्याच कळकळीने ऐकलं आहे. गंमत अशी की हा संशय एकदा नव्हे, निदान दोनदा खरा ठरला. आणि त्या दोन्ही वेळा तो तक्रार करणाऱ्यांना वाटत होता तसा नव्हता.

पहिली घटना १९९९ सालची. प्लॅनेट पोकरचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने, आमचं दुकान किती चोख आहे हे दाखवण्यासाठी, पत्ते पिसण्याची आपली संगणकीय रीतच जगजाहीर केली. काही अमेरिकन सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी ती वाचली आणि डोक्याला हात लावला. बावन्न पानांचे क्रम किती होतात? आठावर सदुसष्ट शून्यं दिली तर येईल एवढे. पण हा संगणक पिसण्याची सुरुवात घड्याळावरून करत होता: मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले ते मोजून. दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख. म्हणजे सदुसष्ट शून्यांच्या जागी एवढेच क्रम. आपलं घड्याळ त्याच्याशी जुळवून घेतलं की शक्यता दोन लाखांवर. मग हातातली दोन आणि टेबलावरची पहिली तीन पानं दिसली, की कोणाच्या हातात काय आहे आणि पुढे काय येणार, सगळं कळत होतं. तज्ज्ञांनी ते करून दाखवलं, कंपनीने रीत सुधारली. ज्यांना वर्षभर वाटत होतं की संगणक आपल्यावर डूख धरून आहे, त्यांच्यावर त्याने डूख वगैरे काही धरला नव्हता. तो नुसता घड्याळ बघत होता.

नंतर संकेतस्थळं सावध झाली. पोकरस्टार्सने तर यंत्राच्या जोडीला खेळाडूंच्या माऊसच्या हालचालीही पत्ते पिसण्यात मिसळल्या. म्हणजे रिओतल्या कोणीतरी डास हाकलताना माऊस हलवला, की त्याचा इवलासा अंश कोल्हापूरच्या माणसाच्या दुर्रीत उतरणार. नशिबाची यापेक्षा आंतरराष्ट्रीय व्यवस्था देवालाही सुचली नव्हती.

दुसरी घटना २००७ सालची, आणि ती सरळसरळ चोरी. ॲब्सोल्यूट पोकर या संकेतस्थळावर एक खेळाडू असा खेळत होता, जणू त्याला सगळ्यांची झाकलेली पानं दिसतात. एका स्पर्धेत दुसऱ्या आलेल्या खेळाडूने तक्रार करून डावांची नोंद मागवली. कंपनीने त्याला त्याच्यापुरती नोंद द्यायची, ती चुकून सगळ्यांच्या झाकलेल्या पानांसकट अख्खी फाइल पाठवून दिली. खेळाडूंनी मिळून ती धुंडाळली आणि दिसलं ते दिसलंच: त्या माणसाला खरोखरच सगळ्यांची पानं दिसत होती, आणि वाट आतूनच होती. या मोठ्या ऑनलाइन पत्तेचोरीला वाचा फुटली ती कुठल्या गुप्तहेरामुळे नव्हे, तर चुकीचं कागदपत्र जोडणाऱ्या एका कारकुनी हातामुळे. सरकारी कचेरीत खेपा घालणाऱ्यांना यातून थोडी आशा वाटावी.

या सगळ्या बाजारात नशिबाला दोष न देणारा एकच खेळाडू माझ्या ऐकण्यात आहे. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गला त्याने चार व्यावसायिक खेळाडूंशी वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून चौघांनाही हरवलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. त्याचं नाव लिब्राटस. कार्नेगी मेलन विद्यापीठाने बनवलेला प्रोग्रॅम होता तो.

खेळाडू जगभरचे, मग दुकानं कुठे? तर नकाशावर भिंग लावून शोधावी लागतील अशा ठिकाणी. पोकरस्टार्सची मुख्य कचेरी होती आइल ऑफ मॅनमध्ये, जिथली बिनशेपटीची मांजरं प्रसिद्ध आहेत. पार्टीपोकर जिब्राल्टरमध्ये, जिथली माकडं प्रसिद्ध आहेत. या पार्टीपोकरच्या सॉफ्टवेअरमागे आयआयटी दिल्लीचा अनुराग दीक्षित हा आपला भारतीय माणूस होता, हे आपल्याकडच्या किती वडिलांना ठाऊक असेल कोण जाणे. पोराला आयआयटीला घालताना त्यांच्या मनात बहुधा वेगळं काही असतं. फुल टिल्टला परवाना होता ऑल्डर्नी या बेटाचा, जिथे जेमतेम दोनेक हजार माणसं राहतात. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते आणि तिला नळपट्टी वसूल होत नाही. ऑल्डर्नी मात्र जगाच्या जुगारावर देखरेख करत होतं. हजारो डाव या देशातून त्या देशात फिरत होते आणि प्रत्येक डावातून दुकान आपला हिस्सा, पाच टक्क्यांपर्यंत, काढून घेत होतं. टेबलावर न हरणारा तेवढा एकच.

तेवढा एकच, हे अर्थात सरकारांना बघवणारं नव्हतं. १५ एप्रिल २०११ च्या शुक्रवारी अमेरिकेने तीन बड्या संकेतस्थळांवर खटले भरले आणि त्यांच्या पानावर सरकारी मोहोर झळकली. रातोरात अमेरिकन खेळाडू टेबलावरून नाहीसे झाले. फुल टिल्टच्या तिजोरीत खेळाडूंचे पुरेसे पैसेच नाहीत, हेही मग उघड झालं. व्यावसायिक खेळाडूंनी काय करावं? त्यांनी बॅगा भरल्या आणि सीमा ओलांडल्या. कोणी मेक्सिकोतल्या रोझारितोला घर घेतलं, कोणी कॅनडात व्हँकुव्हरला, कोणी कोस्टा रिकात. देशाबाहेर बसून खेळायला हरकत नव्हती. "मुलगा परदेशी सेटल झाला" हे वाक्य अमेरिकन आईबापांनाही म्हणायची वेळ आली, आणि पुढचा "कशात असतो?" हा प्रश्न टाळायचीही.

युरोपने वेगळा मार्ग काढला. फ्रान्स, इटली, स्पेन या देशांनी आपापल्या खेळाडूंना आपापल्या कुंपणात कोंडलं. फ्रेंच माणसाने फ्रेंच माणसालाच लुबाडावं, म्हणजे कर घरात राहतो. झालं असं, की तेच ते चेहरे एकमेकांना लुबाडून कंटाळले आणि टेबलं ओस पडू लागली. मग या तिघांनी पोर्तुगालला घेऊन २०१७ साली करार केला की आपले खेळाडू एकत्र बसवू. जानेवारी २०१८ मध्ये फ्रान्स आणि स्पेन एका टेबलावर आले, मेमध्ये पोर्तुगाल आलं. इटलीने सही केली होती, पण पानं वाटायची वेळ आली तेव्हा ती खुर्ची रिकामीच. ज्या खंडाने सीमा पुसल्या, एकच नाणं पाडलं, त्याला चार देशांचे पत्ते पिसायला इतकी यातायात करावी लागली.

आपल्याकडे हा वाद आणखी खानदानी आहे. जुगार म्हणजे काय हे ठरवणारा आपला मूळ कायदा १८६७ चा. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकर हा नशिबाचा खेळ मानला. म्हणजे न्यायालयांपुढेही प्रश्न तोच, जो टेबलावरच्या प्रत्येकापुढे असतो, फक्त तिथे तो वकिलांच्या फीसह सुटतो. दरम्यान भारतीय कंपन्यांच्या टेबलांवर बहुतेक भारतीयच भारतीयांशी खेळत होते. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. त्याचा अर्थ असा, की पत्ते वाटायच्या आधीच एक गडी भरघोस जिंकून उठायचा. आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली: पैसे लावून ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. कौशल्य की नशीब हा दीडशे वर्षांचा वाद अशा रीतीने निकालात निघाला. देशी पोकरची संकेतस्थळं काही दिवसांत थंडावली. उरली ती फुकटच्या चिप्सची टेबलं, जिथे माझ्यासारखे सत्ती-दुर्रीचे शिलेदार फिनलंडची झोप उडवतात.

मला विचाराल तर झालं ते ठीकच झालं. कर्ज काढून या टेबलावर बसलेली आणि घर विकून उठलेली माणसं काही विनोदाचा विषय नव्हेत. मात्र ज्यांना पैसे लावल्याशिवाय पत्त्यांना चवच येत नाही, त्यांना महाराष्ट्रात वाव नाही: आपल्या राज्याने १९७६ साली कॅसिनोंचा एक कायदा केला, तो एक दिवसही अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. त्यांनी पणजीला जाऊन मांडवीत उभ्या असलेल्या बोटी गाठाव्यात. तिथे समोर बसलेला माणूस खरा दिसतो, पत्ते डोळ्यांदेखत पिसले जातात आणि दूध उतू जायची भीती नसते. फक्त जाताना आधार कार्डावरचा पत्ता तपासून घ्या. तो गोव्याचा असेल तर फेब्रुवारी २०२० पासून तुम्हाला तिथेही खेळायला बंदी आहे.